पेशव्यांचा गेंडा, दालीचा गेंडा

१७९० च्या नोव्हेंबर महिन्यात पुण्यात एका चित्रकाराने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा कागदावर उतरवला. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हे त्याचं नाव. इंग्रजांचा पुणे दरबारातला वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करत असे. चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी पॅरिसमध्ये जी अतिवास्तववादी चळवळ उभी राहिली, तिची ओळख करून घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने सुरुवात या गेंड्यापासून करावी. वास्तव चित्रात कधी आणि कसं आलं हे कळल्याशिवाय त्याविरुद्धचं बंड कळत नाही, आणि आपल्याकडे ते ज्या दारांतून आलं त्यांतलं एक मोठं दार शनिवार पेठेत आहे.

शनिवार पेठ म्हणजे जुनं मुर्तझाबाद. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी इथे वाड्याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्याच शनिवारवाड्यात, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, मॅलेटच्या खटपटीने पाश्चात्त्य पद्धतीची चित्रशाळा निघाली. शिकवायला होता जेम्स वेल्स, १७९१ मध्ये मुंबईत उतरलेला स्कॉटिश चित्रकार. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्याने १७९२ मध्ये रंगवलेलं तैलचित्र सर्वांच्या ओळखीचं आहे. नानांचा लांबट, सावध चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बराचसा वेल्समुळे.

या शिक्षणात नवं काय होतं? एका ठिकाणी उभं राहून एका डोळ्याला दिसेल तसंच जग मांडायचं. लांबचं लहान, जवळचं मोठं. उजेड एका बाजूने, सावली दुसऱ्या बाजूला. मोजमाप चुकवायचं नाही. गंगारामने याच शिस्तीने वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली आणि मॅलेटच्या वेरूळवरच्या लेखाबरोबर ती ‘एशियाटिक रिसर्चेस’मधून युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली. मात्र गेंड्याचं चित्र वेल्स येण्याच्या आधीचं आहे, म्हणजे बारकाईने पाहणारी नजर गंगारामकडे मुळातच होती. तिचं श्रेय सगळंच्या सगळं साहेबाला देऊ नये.

चित्रशाळा फार टिकली नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्यातल्या कारंज्यावर पडून गेले आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही साष्टीत वारला. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या. पाहण्याची ती पद्धत मात्र राहिली आणि १८५७ मध्ये निघालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून ती घरोघरच्या भिंतींपर्यंत गेली.

त्याआधीच्या चित्रकाराला असं एका जागी खिळून पाहायची गरज वाटली नव्हती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच. कोणत्याही शरीराकडे पाहा, ते डोकं त्याचंच वाटतं. अनेक स्त्रियांच्या देहांतून एक हत्ती रचणारा नारीकुंजर हा तर आपल्याकडचा आवडता प्रकार. शनिवारवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, सोमवार पेठेत, त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. १७५४ मध्ये सुरू होऊन १७७० मध्ये पुरं झालेलं. दर्शनी भिंतीवर एक गेंडा कोरलेला आहे आणि इंग्रजी वेशातले शिपाई त्याला साखळदंडांनी बांधत आहेत. प्लासीनंतर इंग्रजांच्या हाती गेलेला बंगाल म्हणजे हा गेंडा, असा त्याचा अर्थ लावतात. देवळाच्या दारावर, गणपतीच्या साक्षीने, कारागिराने ताजं राजकारण मांडलं, तेही जनावराच्या रूपाने!

आता तिसरा गेंडा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेलं हे जनावर १५१५ च्या आरंभी गोव्याहून जहाजाने निघालं आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचलं. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्ट ड्यूररने ते कधीच पाहिलं नाही. एक पत्र आणि एक रेखाटन यांच्या आधाराने त्याने लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि खांद्यावर नसलेलं एक छोटं शिंग! युरोपने पुढची दोन-अडीचशे वर्षं याच गेंड्याला खरा मानलं. ऐकीव माहिती आणि पक्का हात एकत्र आले की खोटी गोष्टही अशी घट्ट उभी राहते.

नेमकी हीच ताकद अतिवास्तववाद्यांनी हाताशी धरली. आंद्रे ब्रेतों हा वैद्यकाचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात त्याने मनावर आघात झालेल्या सैनिकांच्या रुग्णालयात काम केलं होतं. त्यांचं तुटक, भरकटलेलं बोलणं त्याने ऐकलं, फ्रॉइड वाचला, आणि १९२४ मध्ये पॅरिसमध्ये चळवळीचा जाहीरनामा काढला. बुद्धीची, नीतीची आणि अभिरुचीची राखण उठवा आणि मनाला आपोआप बोलू द्या, ही त्याची मागणी होती. लाखो माणसं मारणारं युद्ध ज्या समंजस, हिशेबी जगाने चालवलं, त्या जगावरचा या तरुणांचा विश्वास उडाला होता. चळवळीतला हा राग ध्यानात घेतला नाही, तर तिची चित्रं नुसती गंमत वाटतात.

चित्रकारांनी दोन वाटा धरल्या. मॅक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांतून जंगलं, पक्षी शोधले. आंद्रे मासोंने हाताला मोकळं सोडून रेखाटनं केली. इथे योगायोग हाच गुरू. दुसरी वाट मागरित आणि साल्वादोर दाली यांची. मागरितच्या १९३८ च्या एका चित्रात दिवाणखान्यातल्या शेकोटीतून आगगाडीचं इंजिन बाहेर येतं. इंजिन अगदी खरं, शेकोटीही खरी, सावल्या जागच्या जागी. वेल्सने शनिवारवाड्यात शिकवली तीच शिस्त इथे आहे, फक्त तिच्यावरचा भरवसा काढून घेतला आहे. दालीची वितळणारी घड्याळं १९३१ ची. ते चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, वहीच्या पानाएवढं, आणि त्यातला प्रत्येक कंगोरा जुन्या उस्तादांसारखा घोटलेला.

दालीलाही गेंड्याने झपाटलं. तोवर ब्रेतोंच्या गटाशी त्याचं फाटून बरीच वर्षं झाली होती. १९५५ मध्ये तो पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत गेंड्यासमोर बसला. तिथे त्याला व्हर्मीरच्या ‘लेस विणणारी’ या चित्राची नक्कल करायची होती. त्या शांत बाईत त्याला गेंड्याची शिंगं दिसत होती. एका वस्तूत दुसरी पाहायची आणि ती इतरांनाही दिसेल इतक्या नेमकेपणाने रंगवायची, ही त्याची पद्धत. पुढच्याच वर्षी त्याने लेस ल्यालेला गेंडा घडवला, तो ड्यूररच्या गेंड्यावरून. गोव्याहून निघालेलं जनावर असं साडेचारशे वर्षांनी चळवळीच्या दारात पोहोचलं.

मग अजिंठ्याची हरणं किंवा नारीकुंजर यांना अतिवास्तववादी म्हणावं का? म्हणू नये. वर्गात हा मोह वारंवार होतो, कारण डोळ्यांना साम्य दिसतं. पण नारीकुंजर रंगवणाऱ्याला कोणतीही राखण उठवायची नव्हती. दिसणारं आणि कल्पिलेलं यांच्यामध्ये त्याच्या जगात भिंतच घातलेली नव्हती. ब्रेतोंच्या मंडळींना ती भिंत पाडायची होती.

म्हणूनच आधुनिक मराठी चित्रकाराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. त्याच्यामागे जे. जे. ची शिस्त असते आणि तिच्याही मागे भिंत नसलेली परंपरा. प्रभाकर बरवे हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. अलिबागजवळच्या नागावला १९३६ मध्ये जन्म, जे. जे. मध्ये शिक्षण, मग वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी. तिथे तांत्रिक चित्रपरंपरेशी त्यांचा जवळून परिचय झाला. त्यांच्या परिपक्व चित्रांत पान, घड्याळ, किल्ली, पाकीट अशा साध्या वस्तू एका मोठ्या रिकाम्या अवकाशात ठेवलेल्या असतात. समीक्षक त्यांना दालीच्या घराण्यात बसवू पाहतात. ते अर्धंच पटतं. वस्तू अनपेक्षितपणे शेजारी येतात हे खरं, पण बरवे यांच्या चित्रात दुःस्वप्नाची धग नाही. दोन वस्तूंच्या मधली मोकळी जागा हाच तिथे मुख्य विषय आहे. ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी पुस्तकात त्यांनी वस्तू, आकार आणि अवकाश यांच्या नात्याचा सविस्तर विचार केला आहे, आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याला मराठीत याहून चांगला सोबती मिळणं कठीण. बरवे १९९५ मध्ये गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा चित्रांच्या जोडीला त्यांच्या रोजनिश्याही मांडल्या होत्या.