एका यंत्रात अनेक यंत्रं, एका पत्त्यामागे अनेक घरं

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीने एक अडचण मांडली होती. आजचं व्याख्यान आपण तिथूनच सुरू करू. तिच्याकडे एकच जुना लॅपटॉप आहे. मेमरी ८ जीबी, त्यावर लिनक्स. सर्व्हरचं काम शिकायचं तर निदान तीन संगणक हवेत: एक वेबसाठी, एक डेटाबेससाठी आणि एक नुसता मोडतोड करून बघायला. तिने त्या एकाच लॅपटॉपमध्ये तीन आभासी यंत्रं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभी केली. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून आलेलं इंटरनेट तिघांनाही मिळालं. सगळं सुरळीत चाललं. मग पहिल्या यंत्रावर स्वतः तयार केलेलं पान तिने गावाकडच्या भावाला दाखवायला घेतलं, आणि तिथे गाडी अडली. यंत्रातून जग दिसत होतं, पण जगातून यंत्र दिसत नव्हतं. तिचा प्रश्न होता, माझं चुकलं कुठे?

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्या लॅपटॉपमध्ये दोन जुने निर्णय एकत्र आले होते. एक १९६०च्या दशकातला आणि दुसरा १९९४ सालचा. दोन्ही टंचाईतून जन्मले. दोन्हींनी एकच युक्ती केली: वस्तू एक, वापरणारे अनेक, आणि प्रत्येकाला वाटावं की ती वस्तू आपलीच. पण अशा युक्तीत मध्ये कुणीतरी वही घेऊन बसावं लागतं. ती वही कुणाच्या हातात आहे, हा आजचा खरा विषय.

आधी यंत्राची गोष्ट. १९६०च्या सुमारास संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. त्याचा एकेक मिनिट मोलाचा. लोक छिद्रं पाडलेली कार्डं देऊन निघून जात आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबत. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच संगणक अनेकांना थोडा थोडा वेळ आळीपाळीने द्यायचा, अशी तिची रीत. आपल्याला हे समजायला अवघड नाही. गिरणगावातल्या खोल्या आठवा. एका पाळीचे कामगार गिरणीत गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर अंथरूण टाकत. खोली एक, राहणारे कितीतरी. पण खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की खोली सामाईक आहे. भांडणंही त्यावरूनच व्हायची.

पुढचं पाऊल १९६४ नंतर पडलं. एमआयटीच्या शेजारीच, केंब्रिज गावात, आयबीएमने एक छोटं संशोधन केंद्र काढलं होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने वेगळा विचार केला. त्यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. एक प्रोग्राम फक्त वाटणी करेल, बाकी काही नाही. त्याचं नाव सीपी, म्हणजे कंट्रोल प्रोग्राम. तो प्रत्येकाला अख्ख्या संगणकाचा भास देईल. मग त्या भासमान संगणकावर सीएमएस नावाची, एका माणसापुरती साधी प्रणाली चालवायची. एका माणसाची प्रणाली लिहिणं सोपं, कारण तिला शेजारी असतात हेच माहीत नसतं. १९६७च्या जानेवारीत सीपी-४० रोजच्या वापरात आला. एका मुद्दाम बदल केलेल्या सिस्टम/३६० मॉडेल ४० वर एकाच वेळी १४ आभासी यंत्रं चालत.

गंमत बघा. आयबीएमचा अधिकृत, मोठ्या खर्चाचा प्रकल्प दुसराच होता, टीएसएस/३६० नावाचा. तो रखडत राहिला. हा छोटा गट मात्र सीपी-४० वरून सीपी-६७ वर गेला, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० हे कंपनीचं अधिकृत उत्पादन म्हणून जाहीर झालं.

आता हे चालतं कसं? प्रोसेसरच्या काही सूचना विशेषाधिकाराच्या असतात: डिस्कला हात लावणं, मेमरीचा नकाशा बदलणं वगैरे. आभासी यंत्रातली प्रणाली अशी सूचना देते तेव्हा प्रोसेसर तिला अडवतो आणि वरच्या नियंत्रकाला जागं करतो. नियंत्रक ते काम तिच्या नावाने करून देतो आणि पुन्हा तिच्या हाती सूत्रं देतो. तिला वाटतं, काम मीच केलं. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी याची अट नेमकी मांडली. यंत्राच्या अवस्थेशी संबंध असलेली प्रत्येक नाजूक सूचना विशेषाधिकाराची असली पाहिजे. म्हणजेच ती अडवली गेली पाहिजे. एकही निसटून चालणार नाही.

नेमकी इथेच आपल्या घरातल्या संगणकांची पंचाईत होती. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये अशा निसटणाऱ्या सूचना होत्या. २००० साली झालेल्या एका अभ्यासात पेंटियममध्ये त्या १७ भरल्या. उदाहरणार्थ पॉपएफ नावाची सूचना. प्रणाली तिच्यातून इंटरप्ट चालू-बंद करू बघते. अधिकार नसेल तर प्रोसेसर तो बदल गुपचूप गाळतो आणि पुढे जातो. तक्रार नाही, इशारा नाही. नियंत्रकाला कळतच नाही की मध्ये काही घडायला हवं होतं. अडवलेला माणूस निदान दारात दिसतो. हा कुणालाच दिसत नाही.

१९९९ साली व्हीएमवेअरने यावर तोड काढली. आतली प्रणाली चालवण्याआधीच तिच्या सूचना वाचायच्या आणि अडचणीच्या सूचना पुन्हा लिहून काढायच्या. काम अवघड होतं, पण जमलं. २००३ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आलं. त्याचा मार्ग वेगळा. पाहुण्या प्रणालीतच थोडा बदल करायचा, म्हणजे ती नियंत्रकाला स्वतःहून विचारेल. शेवटी २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय दिली. तुमच्या संगणकावर प्रोसेसरच्या माहितीत व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम असे शब्द दिसतात, ती हीच सोय. पुष्कळदा ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते, आणि लोक उगाच लिनक्सला दोष देतात.

त्यानंतर लिनक्समध्ये गोष्टी झपाट्याने घडल्या. ऑक्टोबर २००६ मध्ये क्युमरानेट या इस्रायली कंपनीतल्या आवी किव्हिटी यांनी केव्हीएमचा प्रस्ताव मांडला, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या कर्नलमध्ये तो दाखलही झाला. त्यांनी नवा नियंत्रक लिहिला नाही. लिनक्स कर्नलला आधीच वेळ वाटता येत होता, मेमरी वाटता येत होती, मग त्यालाच नियंत्रक का करू नये? म्हणून आज तुमचं आभासी यंत्र लिनक्सच्या दृष्टीने एक साधी प्रोसेस असतं. ब्राउझरसारखंच ते यादीत दिसतं आणि तसंच बंद करता येतं. डिस्क आणि नेटवर्क कार्ड यांचं सोंग क्यूईएमयू हा प्रोग्राम आणतो. तो फाब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केला. तर यंत्राची वही लिनक्सकडे आली. लिनक्स तुमच्या लॅपटॉपवर आहे, म्हणजे ही वही तुमच्याच हातात आहे. हे लक्षात ठेवा.

आता पत्त्याची गोष्ट. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. आखणी झाली तेव्हा हा आकडा अफाट वाटला होता. १९९०च्या सुरुवातीलाच तो पुरणार नाही हे दिसू लागलं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता बदलून देण्याची पद्धत लेखी मांडली. तिलाच आपण नॅट म्हणतो. त्यांनी स्वतःच ती अल्पकाळासाठीचा उपाय म्हणून मांडली होती. दूरचा उपाय वेगळा होणार होता, आणि १९९५ साली आयपीव्ही६ च्या रूपाने तो कागदावर आलाही.

नॅट समजायला आपल्याला चाळीतला पीपी नंबर पुरे. ज्यांनी १९८०चं दशक बघितलंय त्यांना आठवेल. मजल्यावर एकाच घरी फोन, आणि सगळ्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर तोच नंबर, पुढे पीपी लिहिलेलं. बाहेर फोन करायचा तर सोपं. शेजाऱ्यांकडे जायचं आणि लावायचा. पलीकडच्याला शेजाऱ्यांचाच नंबर ठाऊक असतो. नॅट अगदी हेच करतो. आतल्या यंत्राचा निरोप बाहेर जाताना त्यावरचा पत्ता काढून स्वतःचा घालतो आणि वहीत ओळ लिहितो: अमुक पोर्टवर उत्तर आलं तर ते अमक्या यंत्राचं. उत्तर आलं की वही बघून आत पोचवतो. लिनक्समध्ये या नियमाचं नाव मास्करेड आहे. म्हणजे सोंग घेणं. आपला बहुरूपीच म्हणा ना! २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ कर्नलपासून हे काम नेटफिल्टर बघतं. त्यामागचे मुख्य लेखक रस्टी रसेल.

आपल्या विद्यार्थिनीने लिबव्हर्ट वापरलं होतं. ते काय करतं? एक आभासी स्विच तयार करतं, त्याला १९२.१६८.१२२.१ हा पत्ता देतं, आतल्या यंत्रांना त्याच मालिकेतले पत्ते वाटायला डीएनएसमास्क बसवतं, कर्नलमधली फॉरवर्डिंगची खूण ० वरून १ करतं आणि मास्करेडचा नियम घालतं. झालं सामाईक इंटरनेट. १९२.१६८ ही मालिका खाजगी वापरासाठी राखून ठेवलेली आहे, म्हणून लाखो घरांत तेच तेच पत्ते असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मग बाहेरून भाऊ आत का येऊ शकला नाही? कारण वहीत ओळ तेव्हाच पडते, जेव्हा बोलणं आतून सुरू होतं. पीपी नंबरवर बाहेरून फोन आला तर निदान "जरा तिसऱ्या खोलीतल्या ताईंना बोलवता का?" असं सांगता येत होतं. नॅटला असं आपसूक सांगता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग करून आधी लिहून ठेवावं लागतं, की अमुक पोर्टवर कुणी आलं तर त्याला अमक्या यंत्राकडे पाठव. लॅपटॉपवर तिने तसं लिहिलंही. पण तिच्या वाटेत वह्या तीन होत्या. पहिली लॅपटॉपवर. दुसरी मोबाईलमध्ये, कारण हॉटस्पॉटही नॅटच करतो. तिसरी मोबाईल सेवा देणाऱ्याकडे, जिथे असंख्य ग्राहक मोजक्या पत्त्यांमागे असतात. २०१२ साली खास या तिसऱ्या पातळीसाठी १००.६४ पासूनची वेगळी मालिका राखून ठेवावी लागली, कारण २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटून संपले होते. तीन वह्यांपैकी तिच्या ताब्यात खऱ्या अर्थाने पहिलीच.

कुणी म्हणेल, ब्रिज का नाही केला? ब्रिज म्हणजे आभासी यंत्राला थेट बाहेरच्या जाळ्यात बसवणं. तारेच्या जोडणीवर ते छान चालतं. वायफायवर सहसा चालत नाही. ज्या कार्डाने नोंदणी केली, त्याच्याच नावाच्या चौकटी वायफाय स्वीकारतं. आतल्या यंत्राचं वेगळं नाव त्याला चालत नाही. आणि चाललं असतं, तरी उरलेल्या दोन वह्या होत्याच.

आयपीव्ही६ चं काय? भारत त्याच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, मुख्यतः मोबाईल जाळ्यांमुळे. पण लिबव्हर्टचं मूळचं जाळं जुन्या पत्त्यांचंच असतं. मुद्दाम आखणी केल्याशिवाय नवा पत्ता आत उतरत नाही. म्हणजे दूरचा उपाय दारापर्यंत आलाय, आणि आपण आत मात्र तात्पुरत्या उपायावरच राहतोय. १९९४ पासून आजवर.

शेवटी तिने काय केलं ते सांगतो. तिने बाहेर एक छोटं यंत्र महिन्याच्या भाड्याने घेतलं, सार्वजनिक पत्ता असलेलं. लॅपटॉपमधून त्याच्याकडे एसएसएचची जोडणी केली आणि ती उघडी ठेवली. बोलणं आतून सुरू झालं, म्हणून तिन्ही वह्यांत ओळ पडली, आणि त्याच वाटेने भावाची विनंती उलटी आत आली. पान दिसलं. आता, ते भाड्याचं यंत्रही आभासीच. कुठल्या तरी मोठ्या खोलीतल्या मोठ्या संगणकाचा एक तुकडा, केंब्रिजच्या त्या चौदा यंत्रांचा वंशज. त्याची वही दुसऱ्याच कुणाकडे आहे, आणि तिचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

म्हणून या दोन कल्पनांकडे नुसती सोय म्हणून बघू नये. पहिलीने एका जुन्या लॅपटॉपवर तीन सर्व्हर शिकायची संधी दिली, आणि तिची वही शिकणारीच्याच हाती ठेवली. दुसरीने प्रत्येक घरात इंटरनेट पोचवलं, पण बोलावलं जाण्याचा हक्क दाराबाहेर ठेवला. घरी गेल्यावर एक करून बघा. आभासी यंत्रापासून बाहेरच्या जगापर्यंत किती वेळा पत्ता बदलतो ते मोजा, आणि त्यातल्या किती वह्या तुमच्या हातात आहेत तेही. पुढच्या वेळी आपण त्या आकड्यांपासून सुरुवात करू.