जेलीफिशचे जनुक आणि पेटंटचे कोडे

आपल्या शरीरातल्या जनुकावर एखादी कंपनी हक्क सांगू शकते का? उत्तरासाठी आधी एका जेलीफिशची गोष्ट पाहू.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका जेलीफिशमधून ओसामू शिमोमुरा यांनी हिरवे चमकणारे प्रथिन शोधले. ते वर्ष १९६२. हे प्रथिन तयार करणारे जनुक डग्लस प्रॅशर यांनी वेगळे केले आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या संशोधनाला निधी मिळेना, तेव्हा त्यांनी ते मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकले. चाल्फी यांनी ते जीवाणूत व सूक्ष्म कृमीत घातले, आणि निळ्या प्रकाशात त्या पेशी हिरव्या चमकल्या! जिवंत पेशीत काय चालले आहे हे पाहण्यासाठी जणू दिवाच मिळाला. २००८ चे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. प्रॅशर तेव्हा एका मोटार विक्रेत्याकडे गाडी चालवत होते.

जनुक मोकळेपणाने वाटले गेले, तरी त्याच्या वापरावर अमेरिकेत पेटंट निघालेच. पेटंटची मुदत साधारण २० वर्षे असते. त्यामुळे मूळ प्रथिनाचे ते पेटंट आता संपले आहे. मात्र नंतर घडवलेल्या रंगीत प्रकारांची पेटंटे वेगळी. म्हणून हौशी जीवशास्त्रज्ञालाही आपण वापरतो तो प्रकार कोणता आणि कधीचा, हे तपासावे लागते.

रुग्णांसाठी हाच प्रश्न जास्त गंभीर ठरला. बीआरसीए १ आणि २ या जनुकांतील दोषांमुळे स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. या जनुकांची पेटंटे अमेरिकेत मिरियड जेनेटिक्सकडे होती. तपासणी महाग होती आणि दुसऱ्या प्रयोगशाळेकडून अहवालाची खात्री करून घेणेही अवघड होते. १३ जून २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: निसर्गातले जनुक नुसते वेगळे काढले म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही, प्रयोगशाळेत घडवलेल्या, निसर्गात नसलेल्या डीएनएवर मिळू शकते. भारताच्या पेटंट कायद्याचे कलम ३(सी) देखील निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाचा शोध हा पेटंटयोग्य मानत नाही.

तुमच्या आईला, बहिणीला किंवा मावशी-आत्याला कमी वयात स्तनाचा किंवा कोणत्याही वयात बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. तपासणी करायची की नाही, हे जनुकीय समुपदेशनानंतरच ठरवा.