दोन दारांचा तंबू

खरी माहिती कानावर पडल्याखेरीज माणसाची निवड स्वतंत्र म्हणता येत नाही. शांतिकार्यावरील सैन्याला ही माहिती राखणे किती कठीण जाते, हे कोरियात दिसून आले.

२७ जुलै १९५३ रोजी तेथील युद्ध थांबले. मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे २२,६०० चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी भारतीय रक्षक दलाच्या स्वाधीन झाले. दलाचे प्रमुख होते महाराष्ट्राचे सुपुत्र मेजर जनरल शंकरराव थोरात. पाच तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या.

प्रत्येक कैद्याला तंबूत आणावयाचे, त्याच्या देशाच्या प्रतिनिधीने आयोगासमक्ष त्याला माहिती द्यावयाची आणि मग कैद्याने दोन दारांपैकी एक निवडावयाचे, अशी पद्धत ठरली. एक दार मायदेशाकडे, दुसरे परत छावणीकडे.

परंतु छावण्यांतील संघटित म्होरके कैद्यांना तंबूपर्यंत येऊच देत नसत. एका भारतीय मेजरला कैद्यांनी ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाआड गेले व त्याची सुटका केली. तरीही कैद्यांना बळाने तंबूत ओढावयाचे नाही, हा भारतीयांचा निर्धार ढळला नाही. ९० दिवसांची मुदत २३ डिसेंबरला संपली. बहुसंख्य कैद्यांनी काहीच ऐकले नव्हते.

छावण्यांत दडपण होते, हे भारतासह आयोगाच्या बहुमताने अहवालात स्पष्ट नोंदविले. अपयश झाकले नाही, हीच त्या दलाची सचोटी. १९५४ साली ८० हून अधिक कैदी, दोन्ही पक्ष नाकारून, भारतीय सैनिकांसोबत मद्रासला उतरले.