गिरणीचा रुमाल व आंतील कागद

जुन्या दप्तराचा रुमाल जपून ठेवावा आणि आंतील कागद रद्दींत घालावे, असें कोणी केल्यास आमच्या वाचकांस काय वाटेल, हें सांगावयास नको. मुंबईच्या बंद गिरण्यांस नवें रूप देतांना हाच धोका संभवतो, म्हणून हें टिपण.

कावसजी नानाभाई दावर यांनीं इ. स. १८५४ मध्यें स्थापिलेली गिरणी ताडदेव येथें १८५६ मध्यें चालू झाली. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला व त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनी अन्य कामीं लावण्याची वाट मोकळी केली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारांत मोठी बाजारपेठ वसली. धुराडें मात्र राहिलें. मथुरादास मिलच्या आवारांतील एका वखारींत २००७ सालीं ब्ल्यू फ्रॉग हें संगीतगृह निघालें व २०१६ पर्यंत चाललें.

हा पालट आम्हांस अप्रिय नाहीं. गिरणीचें करवती छप्पर उत्तरेकडे कांचा ठेवून बांधीत. त्यामुळें ऊन आंत न येतां दिवसभर सारखा उजेड मिळे. विणाई खात्यास जो उजेड हवा, तोच चित्रकारासही हवा. परंतु चर्चा होते ती भिंतींची व धुराड्याची. कचेरींतील चोपड्यांचा प्रश्न क्वचितच निघतो. तेथें कोण राबलें, रोज किती मिळाला, हें विटा सांगत नाहींत. तें हजेरीपट व पगारपत्रकें सांगतात.

हे कागद केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचे आहेत, असेंही नव्हे. १ जानेवारी १९८२ रोजीं वा त्यानंतर पटावर असलेल्या कामगारांस किंवा त्यांच्या वारसांस म्हाडामार्फत घरें देण्याची योजना शासनानें आखली. तींत नोकरीचा पुरावा द्यावा लागतो. वतनदारास जशी सनद, तसें कामगारास गिरणीचें तिकीट.

काळाचौकी येथें इंडिया युनायटेड मिल क्र. २ व ३ च्या आवारांत वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचें काम मुंबई महानगरपालिकेनें हातीं घेतलें. अशा ठिकाणीं यंत्रांशेजारीं एक दप्तरखानाही असावा, अशी आमची सूचना आहे. संग्राहकांनींही गिरणीचे कागद इतिहासाचीं साधनें समजून त्यांची यादी करावी व कोणता कागद कोणत्या गिरणीचा, कोठून मिळाला, याची नोंद ठेवावी. दोनशें वर्षांपूर्वींच्या कुळकर्ण्याचा ताळेबंद आम्ही भिंग लावून वाचतों. चाळीस वर्षांपूर्वींचा हजेरीपट रद्दीवाल्याच्या तराजूंत जाऊं देणें आम्हांस शोभत नाहीं.