कातारीना ब्लूमची गेलेली अब्रू

हाइन्रिख ब्योल (१९१७–८५) या जर्मन लेखकाची दीर्घकथा (१९७४). पश्चिम जर्मनीतला सशस्त्र डावा गट, पोलीस आणि खपाऊ वृत्तपत्रे यांच्या कचाट्यात सापडलेल्या सामान्य स्त्रीची ही कहाणी आहे.

तिचे मूळ एका बातमीत आहे. डिसेंबर १९७१ मध्ये कायझरस्लाउटर्न येथे बँकेवर दरोडा पडून एक पोलीस मारला गेला. दुसऱ्याच दिवशी श्प्रिंगर समूहाच्या ‘बिल्ड’ या वृत्तपत्राने खुनाचे खापर बाडर-माइनहोफ या सशस्त्र डाव्या टोळीवर फोडले. पुढे न्यायालयात या गटाचा हात सिद्ध झाला हे खरे. पण त्या सकाळी हाती पुरावा नव्हता आणि ब्योल यांचा आक्षेप तेवढाच होता. जानेवारी १९७२ मध्ये ‘डेअर श्पीगल’ साप्ताहिकात त्यांनी ‘बिल्ड’वर कडाडून टीका केली. सहा कोटी नागरिकांविरुद्ध या गटातील सहाजणांचे हे युद्ध, असा त्यांचा हिशेब होता. तो भाबडाच म्हणावा लागेल, कारण त्याच वर्षी मे महिन्यात या गटाच्या बाँबस्फोटांत माणसे मेली. ब्योल मात्र दहशतवाद्यांचे ‘सहानुभूतीदार’ ठरले. १ जून रोजी गटाचा म्होरक्या बाडर पकडला गेला, त्याच दिवशी पोलिसांनी ब्योल यांच्या आयफेलमधील घराची झडती घेतली. वर्षअखेरीस त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कथेतली कातारीना लोकांची घरे सांभाळून पोट भरते. कार्निव्हलच्या नाचात भेटलेल्या तरुणासोबत ती रात्र घालवते. पोलिसांना हवा असलेला तो तरुण सकाळी निसटतो आणि चौकशीचा ससेमिरा हिच्यामागे लागतो. चौकशीतले तपशील वृत्तपत्राला आयते मिळतात, हा कथेतला सर्वांत बोचरा भाग. वार्ताहर ट्योटगेस रंगाऱ्याच्या वेषात इस्पितळात शिरून तिच्या आजारी आईला गाठतो. ‘हे असं का व्हावं?’ हा आईचा कळवळा छापून येतो तो ‘हे असंच होणार होतं’ असा. आई दगावते. शेवटी कातारीना ट्योटगेसला गोळ्या घालते. तो तरुण दहशतवादी नसून लष्कराचे पैसे घेऊन पळालेला सैनिक असतो.

प्रस्तावनेत ब्योल यांनी ‘बिल्ड’शी असलेले साम्य हेतुपुरस्सर नाही, योगायोगाचेही नाही, अटळ आहे, असे बजावले. दिग्दर्शक श्ल्योनडोर्फ आणि फोन ट्रोटा यांनी या कथेवर काढलेल्या १९७५ च्या चित्रपटात ट्योटगेसच्या अंत्यविधीला वृत्तपत्राचा मालक वृत्तपत्रस्वातंत्र्यावर भाषण ठोकतो. मूळ कथेत हा प्रसंग नाही.