चामखीळ, जननेंद्रियावरील

मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे (एचपीव्ही) होणारा व मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणारा त्वचाविकार. सुमारे नव्वद टक्के चामखिळी या विषाणूच्या 6 व 11 या प्रकारांमुळे होतात. लिंग, योनिमुख किंवा गुदद्वाराभोवती मऊ, खरबरीत उंचवटे येतात. वाढले की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसतात. ते सहसा दुखत नाहीत, म्हणून अंगावर काढले जातात. संसर्गानंतर चामखीळ उगवायला काही आठवडे ते कित्येक महिने लागतात. त्यामुळे विषाणू कधी व कोणाकडून आला हे बहुधा सांगता येत नाही, आणि नवरा-बायकोने त्यावरून एकमेकांवर आळ घेण्यात अर्थ नाही.

चामखिळीला चुना-सोडा लावणे, घोड्याचा केस बांधणे हे उपाय गावोगावी ठाऊक आहेत. या जागी ते करू नयेत. नाजूक कातडी भाजते, चिघळते आणि विषाणू तसाच राहतो. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण व लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांना दाखवता येते. सिफिलिसचे चट्टेही असेच दिसू शकतात, म्हणून रक्ततपासणी टाळू नये. पोडोफायलिन, इमिक्विमॉड, अतिथंड द्रवाने गोठवणे किंवा विजेने जाळणे हे उपचार आहेत. गरोदरपणात पोडोफायलिन वर्ज्य. उपचारानंतरही चामखिळी पुन्हा येऊ शकतात.

6 व 11 या प्रकारांनी सहसा कर्करोग होत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यतः 16 व 18 या प्रकारांमुळे होतो, आणि त्याबाबतचा महत्त्वाचा पुरावा लातूरच्या शेजारचाच आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात, 1982पर्यंत लातूर ज्याचा भाग होते तिथे, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने अभ्यास झाला. 2009मध्ये निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एवढा पुरावा घरात असताना तपासणी अजून सवयीची झालेली नाही, हे खटकते.

कंडोमने धोका कमी होतो, पण झाकली न जाणारी त्वचा उघडीच राहते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' लस 6, 11, 16 व 18 या चारही प्रकारांविरुद्ध आहे. ती लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी, 9 ते 14 वयात दिलेली उत्तम. आधीच झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही. लस घेतलेल्या स्त्रियांनीही तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.