गिरणगावातील बाळगोळी

मुंबईच्या संपत्तीचा इतिहास सांगताना कापसाचे नाव सर्वजण अभिमानाने घेतात. परंतु माळव्यातून येणाऱ्या अफूच्या पेट्यांनीही या बंदराचे भाग्य घडविले, ही गोष्ट काहीशा संकोचानेच सांगितली जाते. चीनला जाणाऱ्या या मालावर कंपनी सरकार दर पेटीमागे परवान्याचे शुल्क घेत असे आणि 1843 साली सिंध हाती येऊन हे शुल्क चुकविण्याची कराचीची आडवाट बंद होताच ते शुल्क चढत गेले. सर जमशेटजी जिजीभाईंसारख्या दानशूर पुरुषाच्या दौलतीतही या व्यापाराचा वाटा होता. पण ही झाली पेढ्यांची अफू. चाळींच्या खोल्यांत शिरलेली अफू याहून फार लहान होती आणि तिची बखर कोणी लिहिली नाही.

तिचे नाव बाळगोळी. पहाटे गिरणीचा भोंगा झाला, की सूत गुंडाळण्याच्या रीळिंग किंवा वाइंडिंग खात्यात जाणारी बाई तान्ह्या मुलाला पाजून, जायफळासारख्या द्रव्यांत मिसळलेल्या अफूची चिमुकली गोळी दुधात कालवून त्याच्या जिभेवर चाटवीत असे. मग ते मूल दिवसभर शेजारणीच्या पायापाशी निपचित पडून राही, आणि त्या निपचितपणालाच शेजारपाजारचे लोक ‘गुणी पोर’ म्हणत.

त्या गुणीपणाचे रहस्य मेंदूत आहे. अफूतील मॉर्फिन ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन चिकटते, त्यांचा शोध 1973 साली लागला. आणि दोनच वर्षांनी, शरीर स्वतःच मॉर्फिनसारखी द्रव्ये निर्माण करते व हे ग्राही मुळात त्यांच्यासाठी आहेत, हेही ध्यानात आले. वेदना शमविणाऱ्या केंद्रांप्रमाणेच श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या बुंध्यातही हे ग्राही असतात; आणि तान्ह्या मुलाचे अपक्व यकृत मॉर्फिनचा निचरा सावकाश करीत असल्यामुळे, थोरांना नुसती गुंगी आणणारे प्रमाण त्याचा श्वास थांबविण्यास पुरे पडते. भूक मंदावते, आतडी जड होतात, दूध पिण्याचा उत्साह ओसरतो. याहून कपटी गोष्ट अशी, की काही आठवड्यांत मेंदू त्या द्रव्याला सरावतो. मग एखाद्या दिवशी गोळी चुकली, तर मूल शिंकते, थरथरते, त्याला जुलाब होतात, ते कर्कश रडते, आणि पुन्हा गोळी दिली की शांत होते. आईला वाटे, औषधाचा गुण आला. वस्तुतः दुखणेही त्या गोळीचेच असे.

हे आपल्याच लोकांचे अडाणीपण, असा शेरा मारणाऱ्यांनी इंग्लंडातील लँकशायरकडे पाहावे. तेथील गिरणी कामगारांच्या घरी ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड पाणी मुलांना सर्रास पाजले जाई. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ने तेच काम केले. जेथे बारा बारा तास चालणारे यंत्र आले, मुलाच्या आईला त्या यंत्रापाशी उभे राहावे लागले आणि मुलाची व्यवस्था कोणीच पाहिली नाही, तेथे हे द्रव्य आपसूक पोहोचले. आपल्याकडे परवानाधारक दुकानात ते उजळ माथ्याने मिळे. 1878 च्या अफू कायद्याने विक्रीवर नियंत्रण आणले, पण अबकारीच्या वसुलीलाही तीच विक्री हवी होती, हे विसरून चालणार नाही.

भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटले आयोगाने आपल्या 1931 च्या अहवालात या प्रथेची दखल घेतली. त्यापूर्वी 1929 साली मुंबई कायदेमंडळाने प्रसूतिभत्त्याचा कायदा केला होता, पण भत्त्याचे थोडे आठवडे सरले, की तेच मूल आणि तोच भोंगा. माझ्या मते बाळगोळीचा खरा उतारा नुसती बंदी हा नव्हताच, पाळणाघर हा होता. आणि त्याबाबतीत आईला दोष देण्यापूर्वी वाचकांनी दोन सनावळ्या शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. मुंबईची पहिली कापडगिरणी, कावसजी दावरशेटची ताडदेवची, सुरू झाली 1856 साली; पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे कामास असतील तेथे पाळणाघर ठेवलेच पाहिजे, असे स्वतंत्र भारताच्या फॅक्टरी कायद्याने सांगितले ते 1948 साली.